कामावरून घरी

वेंडलने कुंपणाची तुटकी जाळी दोन्ही हातांनी वर उचलून धरली आणि डोरीन स्कर्ट सावरत, वाकून पलीकडे गेली.

"डोकं सांभाळा हं," तो म्हणाला.

"थँक्यू." तिने केसांवरून हात फिरवला, खांद्यावरची पिशवी नीट केली आणि वळून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही रोज असता इथे? कंपनीने ठेवलंय का तुम्हाला?"

"हो, रोज असतो."

"मग ही जाळी दुरुस्त करायला सांगा एकदा. कुणाचे तरी मोजे फाटतील."

सांगतो, म्हणून वेंडलने मान हलवली. तिच्याशी लग्न होऊन त्याचा उभा जन्म सरला होता. पण सकाळच्या वेळी तो तिच्या लेखी कधी जाळी धरणारा माणूस असे, कधी नळ दुरुस्त करायला आलेला, कधी नुसताच कुणीतरी भला गृहस्थ. आता त्याचं काही वाटत नाही, असं तो मुलीला फोनवर सांगायचा. वाटायचं अर्थातच.

जाळीपलीकडे मातीचा लांबलचक बांध होता आणि बांधावर पाइनची दाट रांग. डोरीनची ती विम्याची कंपनी इथे यायची ठरली तेव्हा गावानेच अट घातली होती, काय बांधायचं ते बांधा, पण रस्त्यावरून दिसता कामा नये. कंपनीने शब्द पाळला. हजारो माणसं रोज गाड्या घेऊन आत जायची, संध्याकाळी बाहेर पडायची आणि गावाला दिसायचे ते फक्त पाइन. डोरीनला मात्र गाडी कधी लागली नाही. त्यांचं घर गल्लीतलं शेवटचं. परसदारातून निघून बांध ओलांडला की तळं, तळ्याला वळसा घातला की काचेचं दार. पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत उंच टाचांचे. टेबलापाशी पोचली की अदलाबदल. आधी ती टेलिफोनवर होती, मग दारातल्या संगमरवरी टेबलावर आली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची.

पुढे कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी बाडबिस्तरा शहरात हलवला, इमारत ओस पडली, हिरवळ आणि तळं रानहंसांनी बळकावलं. डोरीन घरी बसली. दहा-बारा वर्षं बरी गेली. मग तिच्या डोक्यातलं एकेक सामान हलायला लागलं, आणि एका सकाळी ती मोजे चढवून, गळ्यात जुनं आयकार्ड अडकवून कामाला निघाली. वेंडलने अडवून पाहिलं. तिने आरडाओरडा केला, त्याच्या हाताला चावली. दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने तिला सँडविचचा डबा दिला आणि अंतर ठेवून मागे निघाला. तेव्हापासून हे रोजचं झालं होतं.

काचेच्या दारात इमॅन्युएल बोआटेंग उभा होता. घानाहून आलेला हा माणूस रिकाम्या इमारतीचा पहारेकरी होता. डोरीनने आयकार्ड भिंतीवरच्या यंत्राला लावलं. यंत्र केव्हाच मेलेलं होतं. बोआटेंगने तोंडानेच आवाज काढला, "टिंग!"

"गुड मॉर्निंग, क्रॅमरबाई. अगदी वेळेवर."

"मी कधी उशिरा आलेय का, इमॅन्युएल? फोन आले काही?"

"नाही बाई. सगळे झोपलेत अजून."

बोआटेंगचं नाव तिला कधी चुकत नसे. वेंडल बाहेरच्या कठड्यावर बसला आणि काचेतून ती बूट बदलताना बघत राहिला.

"साहेब, जरा बोलायचं होतं."

इमारतीच्या पाडकामावरची मुख्य बाई होती, पचेको. अंगात नारिंगी जाकीट, काखेत हेल्मेट. काही दिवसांपासून तिची माणसं आतले गालिचे आणि छत उपटून काढत होती.

"मी आजवर कानाडोळा केला," ती म्हणाली. "पण शुक्रवारी नवं कुंपण येतंय. पक्कं. सोमवारी मोठी यंत्रं, आणि सुरुवात लॉबीपासूनच आहे."

"लॉबीपासूनच का?"

"तिथूनच रस्ता जातोय ना. तुमच्या गल्लीला जोडणारा." ती थोडी थांबली. "मला तुम्हाला अचानक सांगायचं नव्हतं."

वेंडलला अचानक नव्हतंच. इथे चार मजली घरं होणार, खाली दुकानं, मधोमध चौक. नकाशावर त्याला 'व्हिलेज' म्हटलं होतं. गावपालिकेच्या सुनावणीत प्रत्येकाला माइकसमोर तीन मिनिटं मिळायची. शेजारची फ्रॅन दर वेळी तावातावाने बोलायची, 'आमची गल्ली बंदच बरी' अशा पाट्या तिने अख्ख्या आळीत लावल्या होत्या. वेंडललाही तिने एकदा ओढत नेलं. तो माइकपाशी गेला. माझी बायको रोज सकाळी त्या ओसाड इमारतीत कामाला जाते, हे वाक्य काही त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. 'काही नाही' एवढंच म्हणून तो खाली बसला आणि फ्रॅन त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

दुपार झाली की बोआटेंग डोरीनला सांगायचा, बाई, सुट्टी झाली. पाइनपर्यंत पोचवायलाही यायचा. तेवढ्यात वेंडल झपाझप पुढे निघून घर गाठायचा आणि टोमॅटोचं सूप गॅसवर ठेवायचा. आजही ठेवलं. परसदार उघडलं.

"वेंडल, मी आले रे! काय दिवस होता!"

त्याच्या हातातला डाव क्षणभर थांबला. रोजच थांबायचा. डोरीन खुर्चीत धपकन बसली, बूट उडवले आणि तो शेजारी बसताच पाय त्याच्या मांडीवर टाकले. आणि मग तीच ती जुनी डोरीन. हा शर्ट परत घातलास? पन्हळीतली पानं काढलीस का? फ्रॅनला इतकं लाडावून ठेवू नकोस, उद्या घरात येऊन राहील. वेंडल तिचे तळवे चोळत बोलणी खायचा. दुपार त्याची असायची. संध्याकाळी अंधारून आलं की ती पुन्हा परकी होई.

काहींचं डोकं दुपारी ठिकाणावर येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. वेंडलनेही तेच धरून ठेवलं होतं. डेन्व्हरहून मुलगी जिल फोन करून शेजारच्या गावातल्या, आठवण गेलेल्यांना सांभाळणाऱ्या जागेबद्दल सांगायची, तेव्हा तो हेच उत्तर द्यायचा. ती जागा त्याने पाहिली होती. माणसं प्रेमळ होती, भिंती फिक्या पिवळ्या होत्या आणि बाहेर पडायच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं.

"अर्धा दिवस का होईना, ती मला ओळखते," तो जिलला म्हणायचा. "जोवर ओळखते तोवर मी तिला कुठे पाठवणार नाही. त्यानंतर तू म्हणशील तसं."

सूप पिताना त्याने सांगून पाहिलं. "डोरीन, तुमचं ऑफिस बंद होतंय म्हणे."

"कोण म्हणतं?"

"ऐकलं मी."

"काहीतरीच. अरे, मी दारात बसते. मला कळल्याशिवाय तिथे चहावालासुद्धा बदलत नाही." तिने त्याच्या ताटलीतला पावाचा कडक तुकडा उचलला. "तू फ्रॅनचं ऐकणं सोड बघू."

दुसऱ्या दिवशी कठड्यावर त्याच्या शेजारी बोआटेंग येऊन बसला. कुंपणाचं त्यालाही कळलं होतं.

"शुक्रवारनंतर बाई काय करणार?"

"कुंपण चढायला बघेल. नाही जमलं तर गल्लीतून चालत हायवेला लागेल." वेंडलने हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "कामाला उशीर झालेला तिला खपत नाही."

"इथला शेवटचा दिवस कसा झाला होता त्यांचा?"

वेंडलने आठवून सांगितलं. सकाळी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं, दहा मिनिटांत सांगून मोकळे झाले. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठ्याचं खोकं. दोन अनोळखी माणसं तिला दारापर्यंत सोडायला आली. बूटसुद्धा बदलू दिले नाहीत. ती तळ्याकाठच्या ओल्या हिरवळीतून टाचा रुतवत रुतवत घरी आली. गडबडीत आयकार्ड परत घ्यायचं कुणाला सुचलं नाही, ते तिच्या कोटात राहिलं. घरी येऊन ती सगळ्या कपाटांतले कप काढून धूत बसली.

"आणि केक?"

"कसला केक?"

"तुमच्याकडे कुणी नोकरी सोडली की केक कापतात ना? मी आधीच्या ऑफिसात होतो तिथे दर आठवड्याला एक व्हायचा. मला फार गंमत वाटायची." बोआटेंग हसला नाही. "आमच्याकडे माणूस गेला की अख्खं गाव गोळा होतं. मांडव घालतात, वाजवतात, नाचतात, जेवणावळी उठतात. पैशाचा चुराडा होतो, मी स्वतः शिव्या घातल्यात. पण माझी आजी म्हणायची, अरे, हे गेलेल्यासाठी असतं. त्याला कुणीतरी सांगायला हवं की बाबा, तू गेलास. नाहीतर तो बिचारा घरातच घुटमळत राहतो."

काचेपलीकडे डोरीन संगमरवरी टेबल रुमालाने पुसत होती.

"क्रॅमरबाईंना कुणी सांगितलंच नाही, साहेब."

त्याच दुपारी वेंडल फ्रॅनला घरात बसवून सुपरमार्केटच्या बेकरीत गेला आणि त्याने मोठा चौकोनी केक सांगितला. वर काय लिहायचं, काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"'डोरीन, तुझी आठवण येईल.'" मग तो दारातून परत फिरला. "'आम्हाला' घाल त्यात. 'आम्हा सगळ्यांना तुझी आठवण येईल' असं लिही."

गुरुवारी सकाळी डोरीन नेहमीप्रमाणे आली, टिंग झालं, आणि पाहते तर लॉबीत माणसं. पचेकोने कामगारांना अर्धा तास सोडलं होतं. नारिंगी जाकिटातले दहा-बारा जण हेल्मेटं काढून, हात पुसून भिंतीला लागून उभे होते. टेबलावर केक, कागदी ताटल्या, एक मोठं कार्ड. टेलिफोनवर डोरीनच्या शेजारी बसणारी मॅक्सीन काठी टेकत दोन गावांपलीकडून आली होती. छत उघडंवाघडं होतं, वायरी लोंबत होत्या. डोरीनने वर एकदा बघितलं आणि नजर केकवर आणली.

"हे माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी गं?" मॅक्सीन म्हणाली. "रिटायर होतेयस ना! आणि मला साधं बोलावलंही नाहीस."

डोरीनने कार्ड उघडलं. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. 'तुमच्याशिवाय हे ऑफिस पहिल्यासारखं राहणार नाही', असं एकाने लिहिलं होतं. आदल्या दिवशी तिच्या टेबलामागची भिंत त्यानेच फोडली होती. तिने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. मग तिला भाषण करायला सांगितलं.

"मला कुठे भाषण येतं?" ती टेबलाला धरून उभी राहिली. "मी जन्मभर दुसऱ्यांचेच फोन जोडून दिले. पण... बरं वाटलं. इतकी वर्षं झाली, मला वाटायचं कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही मी गेलेली." तिने कार्ड मिटून टेबलावर ठेवलं. "आता घरी नवऱ्याला सांगायला हवं. दिवसभर मी त्याच्या डोक्यावर बसणार. बिचारा! त्याला सवय नाही."

सगळे हसले. वेंडलही हसला. कागदी ताटली हातात धरून तो तिच्यापासून दोन पावलांवर उभा होता. पचेकोने मान फिरवून तळ्याकडे पाहिलं.

शेवटी डोरीनने गळ्यातलं आयकार्ड काढलं. "हे परत करायचं असतं ना, इमॅन्युएल?"

बोआटेंगने ते दोन्ही हातांत घेतलं. तोंडाने आवाज काढणं त्याला या वेळी जमलं नाही.

घरी जाताना तिच्या हातात खोकं होतं. त्यात उंच टाचांचे बूट, कार्ड आणि मॅक्सीनने आणलेलं कुंडीतलं झाड. वेंडलने नेहमीसारखं पाइनच्या आडून पुढे जाऊन घर गाठलं. परसदार उघडलं.

"वेंडल, मी आले रे." तिने खोकं टेबलावर ठेवलं. "संपलं बघ एकदाचं."

उरलेला केक त्यांनी दुपारभर खाल्ला. मॅक्सीन किती म्हातारी झालीय, डोरीन म्हणाली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिने झाड खिडकीत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. वेंडलला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. रात्री त्याने जिलला फोन करून सगळं सांगितलं आणि म्हणाला, बघ, तुझा बाप अजून कामाचा आहे.

शुक्रवारी डोरीन मोजे चढवायला उठली नाही. गाउनमध्ये खिडकीपाशी बसून राहिली. मागे नवं कुंपण उभं राहत होतं, तिने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. जमलं, वेंडल मनाशी म्हणाला. दुपारी त्याने सूप तिच्यासमोर ठेवलं.

"थँक्यू," ती म्हणाली. "फार करता तुम्ही. आता माझा नवरा येईलच."

"डोरीन, मीच तो. वेंडल."

ती हसली, चुकीच्या माणसाला हसतात तशी. त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा हसू गेलं. तिसऱ्यांदा त्याने तिचा हात धरला आणि ती किंचाळून न्हाणीघरात गेली, आतून कडी लावून बसली. कडी उघडायला त्याला फ्रॅनला बोलवावं लागलं.

शनिवारी दुपारी तेच. रविवारी तेच. चर्चहून येताना फ्रॅन डोकावली आणि त्याच्यासाठी कॉफी करून गेली. वेंडलने संध्याकाळी पिवळ्या भिंतींच्या जागेचा नंबर काढून फोनशेजारी ठेवला. जिलला मात्र त्याने काही कळवलं नाही.

मग तो कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवून परसदाराने आत आला. दार वाजलं तशी डोरीनने झटकन मान वर केली. तिचा चेहरा उजळला होता. हा चेहरा तो ओळखत होता, रोज दुपारी त्याने तो पाहिला होता. पण त्याच्या पायांत सपाता होत्या, अंगात घरातलाच स्वेटर, आणि तो गुपचूप सिंकपाशी हात धुवायला गेला. ती बघत राहिली. चेहरा हळूहळू विझला.

वेंडल नळ चालू ठेवून तसाच उभा राहिला. दुपारी तिचं डोकं ठिकाणावर येतं, हे सगळं झूट होतं. तिला दुसरं काही आठवो न आठवो, कामावरून घरी आलं की घरात आपला नवरा असतो, एवढं पक्कं ठाऊक होतं. ते येणंच त्याने केक कापून संपवलं होतं. स्वतःच्या हाताने, वर सगळ्यांच्या नावाने लिहून. त्याला रडू आलं, आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने नळ आणखी मोठा केला.

उभ्या संसारात डोरीनला कधी घरी वाट बघत बसावं लागलं नव्हतं. वेंडल हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवायचा. शाळा तीनला सुटायची, तोच आधी घरी पोचायचा आणि तिची वाट बघायचा.

सोमवारी सकाळी त्याने दाढी केली. माळ्यावरून शाळेत घालायचा खाकी कोट काढला. स्वतःसाठी सँडविच बांधलं. फ्रॅन शब्दकोडं घेऊन आली.

"कुठे निघालास इतका नटून?"

"कामाला."

फ्रॅनने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या डोरीनकडे. "जा," ती म्हणाली. "तेवढे त्या रस्त्यावर दोन दगड माझ्या नावाने मार."

जाळी आता नव्हती. तो बांधाच्या कडेकडेने लांबून फिरून नव्या फाटकापाशी गेला. पाइन आडवे पडले होते आणि गल्लीतून पहिल्यांदाच सगळं उघडं दिसत होतं. यंत्राने लॉबीची दर्शनी बाजू उचकटली होती. बोआटेंग फाटकाच्या टपरीत होता.

"साहेब! आज एकटेच?"

"कामावर आलोय," वेंडल म्हणाला.

बोआटेंगने त्याचा कोट पाहिला, हातातला डबा पाहिला. मग त्याने खिशातून डोरीनचं आयकार्ड काढून फाटकाच्या फटीतून पुढे केलं. वेंडलने ते कुंपणाच्या खांबाला टेकवलं.

"टिंग," बोआटेंग म्हणाला.

दुपारपर्यंत वेंडल तिथेच उभा राहिला. पहाटे पाऊस पडून गेला होता, यंत्रांनी कुंपणाबाहेरचीही सगळी माती उकरून काढली होती. त्यातूनच चालत तो घरी आला. परसदारापाशी थांबून त्याने कोटाची बटणं लावली, आणि दार मुद्दाम जोरात उघडलं.

"डोरीन, मी आलो गं! काय दिवस होता!"

फ्रॅनने शब्दकोडं मिटलं, हळूच पिशवी उचलली आणि पुढच्या दाराने निघून गेली. वेंडल उंबऱ्यावर उभाच राहिला. आत पाऊल टाकायचं त्याला धाडस होईना.

डोरीन स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती उशीर?" ती म्हणाली. "आणि ते चिखलाचे बूट बाहेर काढ, वेंडल. आत्ताच पुसलीय मी फरशी."

फरशी कुणी पुसली नव्हती. वेंडल पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. नाड्या सुटायला बराच वेळ लागला.